गिटार पेडलमधील जुने, आडनिडे सुटे भाग

जुन्या रेडिओ, टेपरेकॉर्डर किंवा अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेले, आज दुकानात सहसा न मिळणाऱ्या मूल्यांचे भाग वापरून घरी गिटार पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारा पायाने दाबायचा डबा, बांधण्याची पद्धत. ग्रामीण विदर्भात ती सोयीची ठरते. नव्या भागांसाठी नागपूरला बर्डीच्या बाजारात जावे लागते. तालुक्याच्या जुन्या रेडिओ मेकॅनिककडे मात्र भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२८ ट्रान्झिस्टर अजून डब्यात पडलेले सापडू शकतात.

आजचे रेझिस्टन्स (प्रवाह अडवणारे भाग) आणि कंडेन्सर (वीज साठवणारे भाग) १०, १२, १५, १८, २२, २७ अशा ठरावीक पायऱ्यांनी मिळतात. जुन्या कंडेन्सरवर मात्र ०.०५, ०.५, २५ किंवा ५० मायक्रोफॅरड असे आकडे दिसतात. ते पाहून बिचकू नये. ०.०५ च्या जागी आज ०.०४७ मिळतो, फरक ६ टक्क्यांचा, आणि जुन्या कंडेन्सरला छापील मूल्यापासून २० टक्के इकडेतिकडे असण्याची मुभाच असे.

मूल्य कुठे महत्त्वाचे आणि कुठे नाही, हे ओळखणे हाच या कामाचा गाभा. लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये आणलेल्या ‘फझ फेस’ या आवाज फाटका करणाऱ्या पेडलचे सर्किट अभ्यासाला उत्तम, कारण त्यात दोन ट्रान्झिस्टर आणि मोजकेच भाग आहेत. ट्रान्झिस्टरच्या एमिटर या पायावरच्या २० मायक्रोफॅरडऐवजी २५ चा लावला तर कानाला फरक कळत नाही. इनपुट कंडेन्सरचे तसे नाही. पुढचा रोध ५ किलोओहम धरला, तर ०.१ मायक्रोफॅरड ३१८ हर्ट्झखालचे सूर कमी करतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणजे खर्ज पातळ होतो. जुना ०.५ लावला तर ही सीमा ६४ हर्ट्झवर येते आणि खर्ज बऱ्यापैकी टिकतो. बेंजोला मात्र ०.१ च बरा वाटतो.

‘फझ’चा कंट्रोल १ किलोओहमचा लागतो. ट्रान्झिस्टर रेडिओतला ५ किलोओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल घेऊन त्याच्या दोन टोकांना १.२ किलोओहमचा रेझिस्टन्स समांतर जोडला, की एकूण रोध सुमारे ९७० ओहम होतो. फिरवण्याची चाल थोडी बदलते, पण काम भागते. शिवाय त्याच्याच पाठीवरचे चालू-बंद बटण बॅटरी तोडायला वापरता येते.

खरी परीक्षा उन्हाची. एसी १२८ जर्मेनियमचा. तापमान साधारण १० अंशांनी वाढले की त्याची गळती (नको असताना झिरपणारा प्रवाह) दुप्पट होते. १५ अंशांवर १०० मायक्रोअँपियर गळणारा ट्रान्झिस्टर ४५ अंशांवर ८०० च्या घरात जातो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतरच्या थंड रात्रींचा, लग्नसराई एप्रिल-मेची. वडशाला जानेवारीत गोड वाजलेले पेडल चंद्रपूरच्या मेमधल्या मांडवात फुसके, तुटक वाजू शकते. म्हणून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावरील ८.२ किलोओहमच्या जागी १० किलोओहमचा ट्रिमर (स्क्रूने मूल्य बदलता येणारा रेझिस्टन्स) बसवून त्याचा स्क्रू डब्याबाहेरून फिरवता येईल असा ठेवावा आणि वाजवण्याआधी त्या कलेक्टरवर ४.५ व्होल्ट आणावेत. विदर्भात हा ट्रिमर हवाच.

जुना भाग लावण्याआधी मीटरने तपासावा. कार्बनचे रेझिस्टन्स दमटपणाने वर सरकतात आणि खरखरही वाढवतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात; फुगलेला किंवा चिकट झालेला फेकावा. डाग देताना जर्मेनियमच्या पायाला चिमटा धरावा, म्हणजे उष्णता आत जात नाही. पेडल ९ व्होल्टचे असल्याने धोका नाही. पण व्हॉल्व्हच्या रेडिओतले किंवा जुन्या टीव्हीतले भाग काढताना मोठा कंडेन्सर रेझिस्टन्स लावून आधी रिकामा करावा. वीज बंद केल्यावरही तो जबर झटका देऊ शकतो.

डबा म्हणून लोखंडी स्विच बॉक्स चालतो. सर्किटच्या जमिनीशी (ग्राउंडशी) जोडला की घरघर कमी होते. एसी १२८ पीएनपी जातीचा (उलट्या ध्रुवतेचा) असल्याने मूळ सर्किटमध्ये बॅटरीचे धन टोक जमिनीला असते. असे पेडल इतर पेडलांच्या सामाईक अडॅप्टरवर लावले तर अडॅप्टर शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरी द्यावी.