रोजच्या हिब्रू शब्दांमागची गोष्ट

1882 साली जेरुसलेममधल्या एका घरात मुलगा जन्मला. त्याचे वडील एलिएझर बेन-येहुदा, हिब्रूला पुन्हा बोलीभाषा करायला निघालेले पत्रकार, आदल्याच वर्षी तिथे येऊन राहिले होते. मुलाच्या कानावर हिब्रूशिवाय दुसरा शब्द पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. तोवर सुमारे सतराशे वर्षं हिब्रू कुणाच्याही घरात मायबोली म्हणून बोलली गेली नव्हती. प्रार्थना, ग्रंथ, पत्रव्यवहार यांत ती होती, देशोदेशींचे ज्यू भेटले की तिच्यावरच काम भागवत. पण लहान मुलाला टॉवेल आण म्हणायचं, बाहुली दाखवायची, तर शब्दच नव्हते.

मग घरात आणि बेन-येहुदांच्या वृत्तपत्रात शब्द घडू लागले. हिब्रू, अरबी यांसारख्या सेमिटिक भाषांत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूभोवती उभे राहतात, त्यामुळे जुना धातू हाती लागला की नवा शब्द साच्यात बसवता येतो. पुसणे या अर्थाच्या न-ग-व वरून टॉवेल झाला ‘मगेवेत’. शब्दकोशाला ‘सेफेर मिलीम’, म्हणजे शब्दांचं पुस्तक, म्हणत. ‘मिला’ म्हणजे शब्द, त्यावरून सुटसुटीत ‘मिलोन’ झाला. ‘एत’ म्हणजे काळ, त्यावरून वर्तमानपत्र ‘इतोन’.

मला सगळ्यांत आवडतो तो आइस्क्रीमचा शब्द, ‘ग्लिदा’. वाळवंटात इस्राएली लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळाला तो जमिनीवरच्या हिमकणांसारखा बारीक होता, असं बायबलमधल्या निर्गमच्या ग्रंथात आहे. त्याच्या अरामी, म्हणजे हिब्रूच्या जुन्या भगिनी भाषेतल्या, भाषांतरात हिमासाठी ‘ग्लिदा’ हा शब्द येतो. उन्हातान्हात मुलं आज जो शब्द ओरडून मागतात, तो तिथून उचललेला आहे.

विजेचा शब्द याहून जुना. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याला दृष्टान्तात अग्नीच्या मधोमध काहीतरी चमकताना दिसलं, त्याला तो ‘हश्माल’ म्हणतो. ते नेमकं काय, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात एका मुलाची गोष्ट आहे: त्याला हश्मालचा अर्थ उमगला आणि त्यातूनच ज्वाळा निघून तो जळाला. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी तिथे ‘एलेक्ट्रॉन’ लिहिलं. या शब्दाचा एक अर्थ अंबर, म्हणजे झाडाच्या डिंकाचा दगडासारखा झालेला खडा, आणि त्यावरूनच ‘इलेक्ट्रिसिटी’ आली. एकोणिसाव्या शतकात कवी येहुदा लेब गोर्डन यांनी हा धागा पकडून विजेला हश्माल म्हटलं. आज वायरमन ‘हश्मलाई’ आहे. ज्या शब्दाला लोक भीत, तो आता घराघरातल्या वीजबिलावर छापलेला असतो.

सगळं असं एकमताने झालं नाही. टोमॅटोसाठी ‘अगवानिया’ हा शब्द पुढे आला. युरोपात टोमॅटोला प्रेमाचं सफरचंद म्हणत, त्या धर्तीवर हिब्रूतला कामवासनेचा धातू वापरला होता. बेन-येहुदांना तो अश्लील वाटला. त्यांनी अरबीवरून ‘बादुरा’ सुचवला. बाजाराने त्यांचं ऐकलं नाही. आजही भाजीवाल्याकडे अगवानियाच मागतात. टेलिफोनसाठीचा ‘साह-राहोक’, म्हणजे दूरचं बोलणं, हाही मागे पडला आणि टेलिफोन राहिला, जसं आपल्याकडे ‘दूरध्वनी’ पाटीवर आणि फोन तोंडी. कसं काय विचारलं की उत्तर येतं ‘बेसेदेर’, म्हणजे शब्दशः ‘क्रमात’. हे वळण रशियन-जर्मनमधलं. ‘याल्ला’, म्हणजे ‘चला’, तर सरळ अरबीच.

1890 मध्ये शब्द ठरवायला समिती बसली. 1953 मध्ये तिच्या जागी हिब्रू भाषा अकादमी आली, ती आजही नवे शब्द सुचवते. बेन-येहुदा 1922 च्या डिसेंबरमध्ये वारले. पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटनकडे सोपवणाऱ्या मॅन्डेटच्या दस्तऐवजात त्याच वर्षी इंग्रजी आणि अरबीबरोबर हिब्रूला अधिकृत भाषेचं स्थान मिळालं होतं. त्यांचा सतरा खंडांचा कोश पूर्ण व्हायला 1959 उजाडलं.

मराठी माणसाला यातले काही शब्द परके वाटणार नाहीत. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनी, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या ‘शनवार तेल्यां’नी, प्रार्थनेतली हिब्रू आणि घरातली मराठी एकत्र सांभाळली. इस्रायलला गेलेल्या त्यांच्यातल्या कुणी दुकानात ‘साबोन’ मागितला, तर तो आपलाच साबण. आणि बायबलमधल्या एस्तेरच्या ग्रंथात इराणी राजाच्या शूशन इथल्या राजवाड्यातल्या पडद्यांसाठी ‘कर्पास’ हा शब्द आलाय. तो पूर्वेकडून तिकडे गेला, संस्कृत कार्पासापासून. आपल्याकडे त्याचाच कापूस झाला.