नारळ फुटेस्तोवर वितळणारा बर्फ

‘थंडीत पेट्रोल गोठतं, म्हणून जुन्या गाड्या बंद पडतात,’ हे मी या हिवाळ्यात तीन जणांकडून ऐकलं. पेट्रोल गोठायला पारा उणे ४० अंशांच्याही खाली जावा लागतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे तो फार तर ८-१० अंशांवर येतो. पेट्रोल गोठत नाही हे खरं, पण गाडी बर्फाने बंद पडू शकते हेही खरं. तो बर्फ मी पूर्णा नदीच्या काठी बोटानं चाचपून पाहिला आहे.

मित्राकडे एमजीबी आहे. १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये बनलेली ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. १७९८ सीसीचं इंजिन आणि त्याला हवेत मिसळून पेट्रोल पाजणारे, एसयू नावाच्या बनावटीचे दोन कार्बोरेटर. चिखलदऱ्याला मुक्काम करून पहाटे घाट उतरलो, परतवाडा मागे टाकलं आणि अमरावतीच्या वाटेला लागलो. पूर्णेकाठच्या आसेगावजवळ धुकं इतकं दाट की रस्त्याकडेची झाडंही दिसेनात. ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून चाललो होतो. इंजिन फडफडलं, दम गेला, गाडी थांबली.

तुरीच्या शेताकडे निघालेले एक काका थांबले. म्हणाले, “भाऊ, अठी गाड्या बंद पडतातच. पयलेपासून हाय हे. नारय फोडा, होते चालू.”

आम्ही बॉनेट उघडलं. कार्बोरेटरच्या अंगावर फ्रिजरमध्ये साचतो तसा पांढरा थर होता. एअर फिल्टर काढून एसयूच्या हवेच्या वाटेतला पिस्टन बोटानं वर उचलला, तर आत थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या झडपेच्या, गोल पाकळीच्या कडेनं बर्फाची किनार.

हा बर्फ आला कुठून? माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, आणि पेट्रोल तर पाण्यापेक्षा फार लवकर उडतं. एक ग्रॅम पेट्रोलची वाफ व्हायला सुमारे ३५० ज्यूल उष्णता लागते. त्या ग्रॅममागे इंजिन साधारण १४.७ ग्रॅम हवा ओढतं. एक ग्रॅम हवेतून एक ज्यूल काढला की ती जवळपास एका अंशानं उतरते. आता भागाकार करा: ३५० भागिले १४.७, म्हणजे जवळजवळ २४ अंश! सगळं पेट्रोल काही तिथंच उडत नाही आणि धातूही थोडी ऊब देतो, म्हणून निम्मंच धरू. तरी १० अंशांची हवा उणे २ वर जाते. शिवाय थ्रॉटलच्या अरुंद फटीतून वेगानं निसटताना ती आणखी थोडी गार होते.

पण नुसती थंडी पुरत नाही, पाणी हवं. १० अंशांच्या धुक्यातल्या हवेत घनमीटरमागे ९.४ ग्रॅम बाष्प असतं. उणे १० अंशांच्या हवेत मावतंच २.३ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे कडाक्याच्या कोरड्या थंडीपेक्षा आपली ओलसर पहाट कार्बोरेटरला जास्त छळते. इंजिन सेकंदाला बारा लिटर हवा घेत असेल, तर मिनिटाला सहा-सात ग्रॅम पाणी त्या फटीतून जातं. त्यातलं थोडंसं गोठलं तरी पुरे. पाय हलका असताना ती फट असतेच केवढी!

मित्रानं घाईनं चोक ओढला. एसयूमध्ये चोक ओढला की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खाली सरकते आणि पेट्रोल वाढतं. इथं अडली होती हवा. वर आणखी पेट्रोल ओतून काय होणार?

आम्ही नुसते उभे राहिलो. इंजिन तापलेलंच होतं. त्याची धग वर चढली आणि दहा मिनिटांत बर्फाचं पाणी झालं. सेल्फ मारला, गाडी सुरू. त्या दहा मिनिटांत नारळ आणून फोडला असता तरी ती सुरू झालीच असती, आणि पुरावा म्हणून दोन थेंब पाण्याखेरीज काही उरलं नसतं. काकांचं निरीक्षण मला खोटं वाटत नाही. नदीकाठी धुकं साचतं, आणि कार्बोरेटरवाल्या गाड्यांच्या काळात त्याच जागी गाड्या पुन्हा पुन्हा अडल्या असतील. मात्र त्या जागेला बाधा म्हणणं आणि अडलेल्या माणसाच्या खिशातून नारळ-उतारा काढणं मला मुळीच मान्य नाही. कार्बोरेटर असलेल्या लहान विमानांत वैमानिक याच बर्फासाठी गरम हवेचा दांडा ओढतात.

मित्रानं हौसेनं मूळ फिल्टरचे डबे काढून उघडे फिल्टर बसवले होते. ते थेट धुकं ओढत होते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून, तारेनं बांधून आम्ही एक्झॉस्टवरची गरम हवा त्यांच्याकडे वळवली. अमरावतीपर्यंत पुन्हा फडफड नाही.

निघताना काकांनी विचारलं, “मंग माह्या ट्रॅक्टरले असं काऊन नाही होत?”

डिझेल इंजिनात कार्बोरेटरच नसतो, काका. हवा आधी दाबून प्रचंड तापवतात आणि डिझेल थेट त्या हवेत फवारतात. गोठायला तिथं जागाच नाही.