वास नाही, म्हणजे गॅस गीझर सुरक्षित?

‘गॅसचा वास येत नाही, तोवर बाथरूममधल्या गीझरचा धोका नाही,’ असं ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय. समज स्वाभाविक आहे, पण वास एलपीजीत मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा असतो. ज्वलनात तो नाहीसा होतो. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतोच. एक्झॉस्ट फॅन तर हा धूर गीझरच्या धुराड्याच्या नळीतून उलटा आत खेचू शकतो.

धुराड्याची नळी असेल तर दार-खिडक्या बंद, फॅन चालू ठेवून गीझर पेटवा. पाचेक मिनिटांनी पेटती उदबत्ती गीझरच्या वरच्या बाजूच्या, नळीखालच्या फटीशी धरा. उदबत्तीचा धूर फटीत ओढला गेला पाहिजे; बाहेर पसरला तर लगेच बंद करून खिडक्या उघडा. पिवळी ज्योतही वाईटच; गॅस नीट जळत नसल्याची ती खूण.

नळी बंद डक्टमध्ये किंवा खिडकीखाली सोडू नका. खरा उपाय एकच: गीझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत, बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप. हे काम अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.