ग्लुकोमीटर खोटं बोलतो का?

‘ग्लुकोमीटरचा आकडा लॅबशी जुळत नाही, म्हणजे यंत्र खोटं,’ असा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, निष्कर्ष चुकीचा.

ग्लुकोमीटर म्हणजे घरच्या घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र. त्याच्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवला, की पट्टीवरचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) ग्लुकोजमधून, म्हणजे रक्तातल्या साखरेतून, इलेक्ट्रॉन काढून घेतं. त्यातून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह यंत्र मोजतं. थेंब बोटाच्या केशवाहिन्यांतला, लॅबचा नमुना शिरेतला. जेवणानंतर बोटातली साखर जास्तच असते. शिवाय साखर १०० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) वर असेल, तर १५ टक्के फरक मानकांना मान्य आहे. लॅब २०० सांगत असेल, तर १७० ते २३० ठीक.

पडताळायचंय? उपाशीपोटी, लॅबमध्ये रक्त देतानाच, मुदतीतल्या पट्टीवर मोजा. हात आधी साबणाने धुऊन कोरडे करा, हे फार महत्त्वाचं: आंबा कापलेल्या बोटावरची साखरही पट्टी मोजते! फरक वारंवार मोठा आला, तर डॉक्टरांना दाखवा; गोळ्या स्वतःहून बदलू नका.