ढोकळ्याच्या आंबवणातले जिवाणू पोटापर्यंत पोहोचतात का?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांतही ढोकळा, हांडवो (डाळ-तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा जाड, खरपूस गुजराती पदार्थ) नेहमीचा. ‘आंबवलेलं आहे, चांगले जिवाणू पोटात जातात’, हे मात्र खरं नाही. पीठ आंबवणारे, आंबट लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू साधारण 65 अंशांच्या पुढे काही मिनिटांत मरतात आणि ढोकळा 15-20 मिनिटं वाफेवर असतो. आंबटपणा उरतो, जिवाणू नाही. उकळलेल्या कढीचंही तेच. सोडा घालून केलेल्या झटपट खमणात तर आंबवण होतच नाही.

म्हणून ढोकळा सोडू नका! आंबवल्याने डाळीतलं, लोह-जस्त अंगी लागू न देणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि डाळीतला तंतुमय भाग (फायबर) आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य ठरतो.

जिवंत जिवाणू हवेत तर सोबत ताक घ्या. अर्धा लिटर दूध 40 अंशांपर्यंत, म्हणजे बोटाला कोमट लागेल इतकं निवू द्या. चमचाभर विरजण घालून 6-8 तास हलवू नका. दूध गरम असेल तर विरजणच मरतं, दही लागत नाही. एक वाटी दह्याला तीन वाट्या पाणी घाला. फोडणी निवल्यावरच ओता. दह्यातले बहुतेक जिवाणू आतड्यात कायम वस्ती करत नाहीत, त्यामुळे ताक रोजचंच हवं.