रास्पबेरी पाय

रास्पबेरी पाय : इंग्लंडमधील केंब्रिज येथे शालेय संगणकशिक्षणाच्या हेतूने जन्मलेली छोट्या संगणकांची मालिका व ती बनवणारा उद्योग. प्रोसेसर, मेमरी आणि सर्व जोडण्या एकाच बोर्डावर असलेला, साधारण एटीएम कार्डाएवढा पहिला रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीस आला. २०२४ च्या मध्यापर्यंत सर्व प्रकार मिळून सहा कोटींहून अधिक नग विकले गेले होते. एका धर्मादाय संस्थेने मुलांसाठी काढलेले उपकरण बारा वर्षांत लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे मुख्य उत्पादन झाले. संगणक-उद्योगाच्या इतिहासात असा प्रवास विरळा आहे.

उगम : प्रारंभ नेमका कधीचा मानावा, याविषयी एकमत नाही. बहुतेक लेखनात २००६ हे वर्ष दिले जाते. एबेन अप्टन हे तेव्हा केंब्रिज विद्यापीठात सेंट जॉन्स कॉलेजमध्ये संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होते. प्रवेशासाठी येणाऱ्या अर्जांची संख्या घटत होती आणि येणाऱ्या मुलांची तयारीही बदलली होती. १९९० च्या दशकात आलेली मुले घरच्या संगणकावर स्वतः प्रोग्रॅम लिहून आलेली असत. नंतरच्या मुलांचा अनुभव फार तर वेबपाने रचण्यापुरता होता. अप्टन यांनी त्या सुमारास अ‍ॅटमेल कंपनीच्या एटीमेगा ६४४ या सूक्ष्मनियंत्रकाभोवती (उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपभोवती) एक बोर्ड हाताने तारा जोडून तयार केला. त्याचा वेग २२.१ मेगाहर्ट्‌झ व मेमरी ५१२ किलोबाइट होती. या बोर्डाचा आराखडा संस्थेने २०११ मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि त्यामुळेच बहुधा २००६ हे वर्ष रूढ झाले असावे.

काही लेखक मात्र धर्मादाय संस्थेच्या नोंदणीपासून, म्हणजे मे २००९ पासून, गणना करतात. रास्पबेरी पाय फाउंडेशनचे संस्थापक म्हणून अप्टन यांच्याबरोबर केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेतील रॉब मलिन्स, जॅक लँग व ॲलन मायक्रॉफ्ट, तसेच इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनातील पीट लोमस आणि संगणकीय खेळांचे निर्माते डेव्हिड ब्रेबन यांची नावे दिली जातात. २००६ च्या बोर्डातील एकही सुटा भाग वा चिप २०१२ च्या उत्पादनात आलेली नाही. टिकला तो हेतू आणि किमतीची मर्यादा, आणि या दोन्ही गोष्टी संस्थेच्या रूपाने पक्क्या झाल्या. म्हणून २००६ चा बोर्ड हा पूर्वेतिहास व २००९ हा प्रारंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वारशाचा प्रश्न याहून अवघड आहे. बीबीसीच्या संगणक-साक्षरता प्रकल्पासाठी केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीने १९८१ मध्ये बीबीसी मायक्रो हा संगणक बनवला. ब्रिटनमधील शाळांत तो मोठ्या प्रमाणावर पोहोचला आणि एकूण १५ लाखांहून अधिक नग विकले गेले. रास्पबेरी पायचे कर्ते याच संगणकावर वाढलेल्या पिढीतले होते. ‘मॉडेल ए’ व ‘मॉडेल बी’ ही नावेही त्यांनी तेथूनच घेतली. एकॉर्नच्या सोफी विल्सन व स्टीव्ह फर्बर यांनी रचलेल्या प्रोसेसरपासून पुढे आर्म कंपनी उभी राहिली आणि रास्पबेरी पायचा प्रोसेसरही आर्म घराण्यातलाच आहे. या धाग्यांवरून रास्पबेरी पायला बीबीसी मायक्रोचा थेट वारस म्हणण्याची प्रथा पडली.

दुसरे मत असे की, हा संगणक खरे तर मोबाइल फोनच्या चिपांचे अपत्य आहे. अप्टन २००६ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीत गेले. ब्रॉडकॉमने २००४ मध्ये केंब्रिजची अल्फामोझेक ही कंपनी विकत घेऊन तिचे व्हिडिओकोर हे चित्रप्रक्रियेचे तंत्र मिळवले होते. त्या परंपरेतील बीसीएम २८३५ या चिपमध्ये आर्म प्रोसेसरही बसवलेला होता. तिच्यामुळेच लिनक्स ही पूर्ण संगणकप्रणाली चालवणारा संगणक ३५ डॉलरमध्ये बसू शकला. दोन्ही मतांत तथ्य आहे. चिपने ही गोष्ट शक्य केली. पण तीच चिप हाती असलेल्या इतर कोणीही असा संगणक काढला नव्हता. किंमत पाठ्यपुस्तकाएवढी असावी आणि विद्युत्‌जोडणीच्या पिना उघड्या राहाव्यात, हे निर्णय शिक्षणाच्या हेतूतूनच आले.

अर्जांच्या घटीची कारणेही वादातीत नाहीत. घरगुती संगणकांची जागा गेम-यंत्रांनी व बंदिस्त पीसींनी घेतली, हे संस्थेचे स्पष्टीकरण. २००० नंतर इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्याने या विषयाची ओढ कमी झाली, असेही म्हटले जाते. शाळांतील ‘आयसीटी’ (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) विषय कार्यालयीन सॉफ्टवेअर वापरण्यापुरता उरला होता, या मुद्द्यावर जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉयल सोसायटीच्या अहवालानेही बोट ठेवले. तो अहवाल तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्टीव्ह फर्बर होते.

पहिल्या बोर्डाची घडण : मॉडेल बीमध्ये ७०० मेगाहर्ट्‌झचा आर्म ११ घराण्यातील प्रोसेसर व २५६ मेगाबाइट मेमरी होती, ऑक्टोबर २०१२ पासून मेमरी दुप्पट झाली. बोर्डाच्या मध्यभागी दिसणारी चौकोनी चिप ही वास्तविक मेमरी असून मुख्य चिप तिच्या खाली दडलेली आहे. एकीवर एक चिप रचण्याची ही पद्धत मोबाइल फोनमधून आली व तिने जागा आणि जोडण्या दोन्ही वाचल्या. विद्युत्‌प्रवाह सुरू होताच प्रथम जागा होतो तो मुख्य चिपमधील चित्रप्रक्रियक (पडद्यावरील चित्र घडवणारा भाग). तो एसडी कार्डावरील प्रारंभिक आज्ञा वाचतो आणि मग आर्म प्रोसेसरला कामाला लावतो. मोबाइल फोनच्या चार्जरवर चालणे, नव्या टीव्हीसाठी एचडीएमआय व जुन्या टीव्हीसाठी कंपोझिट अशी दुहेरी सोय ठेवणे आणि हार्ड डिस्कऐवजी कार्ड वापरणे, ही सगळी काटकसर होती. कार्डाचा आणखी एक शैक्षणिक लाभ झाला : मुलाने प्रणाली बिघडवली, तरी कार्ड पुन्हा लिहिले की संगणक पूर्ववत होतो. बिघडण्याची भीती न बाळगता प्रयोग करता येणे हे या उपकरणाचे सर्वांत मोठे बळ आहे.

बोर्डाच्या कडेला असलेल्या २६ पिनांतून दिवे, मोटारी व संवेदक थेट जोडता येत; जुलै २०१४ च्या मॉडेल बी प्लसमध्ये त्या ४० झाल्या व पुढे तीच रचना कायम राहिली. प्रणालीच्या बाबतीत एक अडचण होती. डेबियन या लिनक्स-प्रकाराची दशांश-गणिताचे हार्डवेअर वापरणारी आवृत्ती आर्मच्या सातव्या पिढीपासून पुढे चालत असे, तर हा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. बाहेरच्या स्वयंसेवकांनी २०१२ मध्ये हजारो सॉफ्टवेअर-संच नव्याने बांधून रास्पबियन ही आवृत्ती तयार केली. मे २०२० पासून अधिकृत प्रणाली रास्पबेरी पाय ओएस या नावाने ओळखली जाते.

उत्पादन : मे २०११ मध्ये ब्रेबन यांनी यूएसबी पेनड्राइव्हएवढा नमुना बीबीसीच्या पत्रकाराला दाखवला आणि ती चित्रफीत लाखोंनी पाहिली. जानेवारी २०१२ मध्ये लिलावात काढलेल्या दहा चाचणी-बोर्डांना मिळून १६ हजार पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. पहिली तुकडी १०,००० नगांची व चीनमध्ये बनलेली होती. ब्रिटनमध्ये उत्पादन करण्याची इच्छा असूनही ते परवडेना, कारण सुटे भाग आयात करणाऱ्या ब्रिटिश उत्पादकाला कर भरावा लागे, तर पूर्ण तयार संगणकाच्या आयातीवर तो नव्हता, असे संस्थेने तेव्हा सांगितले होते.

मागणी अपेक्षेच्या पलीकडे जाणार हे दिसताच संस्थेने स्वतः माल बनवण्याचा बेत बदलला. आरएस कंपोनन्ट्स व प्रीमियर फार्नेल या दोन वितरकांना परवाना देऊन भांडवल, उत्पादन व विक्री त्यांच्याकडे सोपवली. संस्थेला प्रत्येक नगामागे स्वामित्वशुल्क मिळे. वाढीचे खरे गमक या व्यवस्थेत आहे. एरवी एखाद्या धर्मादाय संस्थेला लाखो नगांच्या उत्पादनाचे भांडवल उभे करता आले नसते. विक्रीच्या पहिल्या दिवशी दोन्ही वितरकांची संकेतस्थळे कोलमडली. पाठोपाठ कारखान्याने चुकीच्या प्रकारचे नेटवर्क-जोड बसवल्याचे आढळून ते बदलावे लागले. युरोपात विक्रीसाठी लागणाऱ्या सीई या प्रमाणनातही काही आठवडे गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये वेल्समधील पेनकोड येथील सोनीच्या कारखान्यात उत्पादन नेण्याची घोषणा झाली. एके काळी तेथे दूरचित्रवाणी संच बनत असत. ऑक्टोबर २०१३ पर्यंत तेथे बनलेल्या नगांची संख्या दहा लाखांवर गेली.

वाढ : फेब्रुवारी २०१५ मध्ये चार गाभ्यांचा (एकाच चिपमध्ये चार प्रोसेसर असलेला) पाय २ आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच डॉलरचा पाय झीरो निघाला आणि तो संस्थेच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर मोफत जोडून दिला गेला. पाय ३ (फेब्रुवारी २०१६) मध्ये वायफाय व ब्लूटूथ आले, तर पाय ४ (जून २०१९) हा रोजच्या कामाचा संगणक म्हणून वापरता येण्याजोगा झाला. मार्च २०१७ मध्ये विक्री १.२५ कोटींवर गेल्याने कमोडोर ६४ या १९८० च्या दशकातील घरगुती संगणकाला मागे टाकल्याचे जाहीर झाले. कमोडोरच्या विक्रीचे अंदाज १.२५ ते १.७ कोटी असे भिन्न असल्याने हा दावा तेव्हापुरता तरी काटेकोर म्हणता येत नाही. नंतरच्या आकड्यांनी तो प्रश्न उरला नाही. जानेवारी २०२१ मध्ये चार डॉलरच्या पिको या सूक्ष्मनियंत्रक-बोर्डाबरोबर आरपी २०४० ही संस्थेने स्वतः रचलेली पहिली चिप आली, आणि दुसऱ्याच्या चिपवर बोर्ड बनवणारी कंपनी स्वतः चिपरचनेत उतरली.

ग्राहकवर्ग याच काळात पालटला. कारखान्यांतील नियंत्रणे, जाहिरातींचे पडदे, मोजमापाची उपकरणे अशा ठिकाणी हे बोर्ड जाऊ लागले. स्वस्त, सर्वत्र मिळणारा आणि वर्षानुवर्षे त्याच आकारात व त्याच पिनांसह उपलब्ध राहणारा संगणक उद्योगांना हवाच होता. २०२३ मध्ये विकलेल्या ७४ लाख नगांपैकी सुमारे ७२ टक्के औद्योगिक वापरासाठी गेले. २०२१ ते २०२३ च्या जागतिक चिपटंचाईत या बदलाची किंमत शाळा व छंदिष्ट यांना मोजावी लागली : उपजीविका अवलंबून असलेल्या उद्योगांना कंपनीने प्राधान्य दिले आणि किरकोळ विक्रीत बोर्ड मिळेनासे झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन गिगाबाइटच्या पाय ४ ची किंमत ३५ वरून ४५ डॉलर करण्यात आली. किंमतवाढीची ही पहिलीच वेळ. उद्योगांना दिलेला शब्द पाळणे व्यवहार्य होते, तरी मूळ उद्देशाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत कसोटीचा ठरला.

संघटना व शिक्षणकार्य : व्यापारासाठी २०१२ पासून वेगळी कंपनी असून तिची सूत्रे अप्टन यांच्याकडे आहेत, फाउंडेशन शिक्षणाचे काम पाहते. सोनी व आर्म यांनी २०२३ मध्ये कंपनीत गुंतवणूक केली. जून २०२४ मध्ये २८० पेन्स दराने समभाग लंडनच्या बाजारात आले, तेव्हा कंपनीचे मूल्य सुमारे ५४ कोटी २० लाख पौंड ठरले. फाउंडेशन सर्वांत मोठा भागधारक राहिले.

इंग्लंडच्या शाळांत सप्टेंबर २०१४ पासून ‘कम्प्यूटिंग’ हा नवा विषय लागू झाला. त्याचे श्रेय एकट्या रास्पबेरी पायला देणे योग्य नाही, मात्र त्याने त्या चर्चेला हाती धरता येईल असा आधार दिला. केंब्रिजचे अर्जही पुढे वाढले. त्यात अभ्यासक्रमाचा, नोकऱ्यांचा व या संगणकाचा वाटा वेगवेगळा काढणे कठीण आहे. फाउंडेशनमध्ये २०१५ मध्ये कोड क्लब व २०१७ मध्ये कोडरडोजो या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या चळवळी सामील झाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोहोचलेल्या दोन अ‍ॅस्ट्रो पाय संगणकांवर शाळकरी मुलांनी लिहिलेल्या आज्ञावल्या चालवण्यात आल्या. भारतात या संगणकाचा प्रसार शाळांपेक्षा अभियांत्रिकी महाविद्यालयांत ठळक दिसतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमात अंतःस्थापित प्रणालींच्या (यंत्रांत बसवलेल्या संगणकांच्या) प्रात्यक्षिकांसाठी त्याचा समावेश करण्यात आलेला आहे.