खोका एकीकडे, बटणं दुसरीकडे

गेले काही महिने माझी गाडी माझं ऐकत नव्हती. स्टिअरिंगवरचं आवाज वाढवायचं बटण दाबलं की आवाज होता तिथेच राहायचा आणि पुढचं गाणं सुरू व्हायचं. दर वेळी नाही. बटण चार-सहा वेळा जोरात दाबून घेतलं की ते ताळ्यावर यायचं, दोन दिवस नीट वागायचं आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. आधी वाटलं, स्टिरिओचंच डोकं फिरलंय. पण खुद्द स्टिरिओवरची बटणं दाबली तर सगळं व्यवस्थित. म्हणजे हुकूम देणारा ठीक, पाळणारा ठीक, निरोप मात्र वाटेत बदलत होता.

मुळात बटणं स्टिरिओपासून तोडून लांब न्यायचीच कशाला? कारण डॅशबोर्डच्या मध्यावरचं बटण दाबायला नुसता हात पुरत नाही, डोळेही लागतात. ताशी ६० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. दोन सेकंद नजर खाली गेली तर ३३ मीटर रस्ता कोणी न बघताच मागे पडतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी १०० गाड्यांत कॅमेरे बसवले आणि चालकांना त्यांच्या रोजच्या रस्त्यांवर गाडी चालवू दिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसलं, की नजर दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात वाचण्याच्या प्रसंगाचा धोका किमान दुप्पट होतो. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातही एका वेळी दोन सेकंद आणि सगळं काम मिळून १२ सेकंद, हीच मर्यादा आहे.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक साधा नियम मांडला होता. हात लक्ष्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल हे लक्ष्य किती लांब आहे आणि किती लहान आहे, या दोन गोष्टींच्या गुणोत्तरावर ठरतं. डॅशबोर्डवरचं चिमुकलं बटण लांबही आणि लहानही. स्टिअरिंगवरचं बटण तेवढंच लहान असलं तरी अंगठ्यापासून दोन बोटांवर असतं आणि त्याच्यावरचा उंचवटा न बघता कळतो. (गुळगुळीत टचस्क्रीनवर आवाजाची पट्टी बोटाने सरकवायची कल्पना ज्याला सुचली, त्याने ती खड्ड्यांच्या रस्त्यावर करून पाहिली असेल असं मला वाटत नाही.)

गंमत अशी, की गाडीतल्या रेडिओची सुरुवातच या फारकतीने झाली. जर्मनीत ब्लाउपुंक्टने १९३२ मध्ये ‘ऑटोसुपर एएस ५’ हा रेडिओ आणला, त्याचं वजन सुमारे १५ किलो होतं. काचेच्या नळ्यांसारख्या व्हॉल्व्हचा जमाना. एवढं धूड चालकासमोर मावणारच नव्हतं, म्हणून खोका आडोशाला आणि स्टेशन लावायची मूठ स्टिअरिंगच्या दांड्यावर. दोघांना जोडायला सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीत सरकणारी तार. त्या काळच्या अमेरिकन रेडिओंतही अशीच सोय असे, फक्त तिथे तार सरकण्याऐवजी स्पीडोमीटरच्या केबलसारखी गोल फिरायची. इकडे मूठ फिरवली की तिकडे खोक्यातला, स्टेशन बदलणारा कंडेन्सर फिरे. मग ट्रान्झिस्टर आला. १९५५ मध्ये मोटार कंपनी क्रायस्लर आणि रेडिओ कंपनी फिल्को यांनी एकही व्हॉल्व्ह नसलेला कार रेडिओ जाहीर केला. खोके आक्रसत गेले, डॅशबोर्डमध्ये शिरले आणि पुढे १८० बाय ५० मिलिमीटरची ठरावीक खाचच तयार झाली. बटणं खोक्याच्या तोंडावर आली. आज ती परत स्टिअरिंगवर गेली आहेत, पण तार ओढायची गरज उरलेली नाही.

मग तारेतून न्यायचं काय? सगळी मेख इथेच आहे.

जुन्या रेडिओत आवाजाच्या गोल बटणामागे पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून संकेत कमी-जास्त करणारा भाग असे आणि गाण्याचा विद्युतसंकेत चक्क त्याच्या पोटातून जात असे. असं बटण दोन मीटर लांब न्यायचं म्हणजे गाणंच दोन मीटर फिरवून परत आणायचं. हा संकेत व्होल्टच्या हिश्शांतला, नाजूक. वाटेत अल्टरनेटरच्या आणि इग्निशनच्या तारा भेटल्या की त्यांची कुजबुज तो सोबत घेऊन येतो. इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी बारीक शिट्टी स्पीकरमधून ऐकली असेल, तर ती बहुधा अशाच कुठल्या तरी मार्गाने आलेली असते. आताच्या गोल बटणामागे एन्कोडर असतो. त्यात दोन संपर्कबिंदू असतात. उजवीकडे फिरवलं तर एक आधी जुळतं, डावीकडे फिरवलं तर दुसरं. कोण आधी जुळलं आणि किती वेळा, एवढंच स्टिरिओला कळतं. गाणं खोक्यातच राहतं, बाहेर जातो तो फक्त हुकूम.

हुकूम पाठवायची सर्वांत स्वस्त पद्धत माझ्या गाडीत आहे. स्टिअरिंगवर पाच-सहा बटणं, पण स्टिरिओपर्यंत तारा दोनच. प्रत्येक बटणाला वेगळ्या ओमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला रोध करणारा भाग जोडलेला. स्टिरिओच्या आत ५ व्होल्ट आणि समजा १००० ओमचा एक रेझिस्टर बसवलाय. बटण दाबलं की त्या बटणाचा रोध या साखळीला जोडला जातो आणि व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. १०० ओमचं बटण दाबलं तर तारेवर ०.४५ व्होल्ट, ३३० ओमचं दाबलं तर १.२४, ६८० ओमचं दाबलं तर २.०२. स्टिरिओ व्होल्टेज मोजतो, आठवणीतल्या आकड्यांशी ताडून पाहतो आणि सगळ्यात जवळचा आकडा ज्या बटणाचा, तेच दाबलं असं मानतो. बाजारातून आणलेल्या स्टिरिओला ही बटणं ‘शिकवावी’ लागतात ती याचसाठी. एकेक बटण दाबून धरायचं आणि त्याचं काम सांगायचं. स्टिरिओच्या लेखी बटण म्हणजे निव्वळ एक व्होल्टेज.

एका सुट्टीच्या दिवशी स्टिरिओ खाचेतून बाहेर ओढला, मागून येणारी ती तार सोडवली, मल्टिमीटर लावला आणि बायकोला बटण दाबायला बसवलं. आवाज वाढवायच्या बटणाला ३३० ओम दिसायला हवे होते. दिसले ५२०. पुन्हा दाबलं, ४७०. आणखी जोरात दाबलं, ३९०. बटणाच्या संपर्कावर मळ बसला होता आणि त्या मळाचा रोध खऱ्या रोधात मिसळत होता. ५२० ओमला तारेवर १.७१ व्होल्ट येतात. ते १.२४ पेक्षा २.०२ ला जवळचे, आणि २.०२ म्हणजे ‘पुढचं गाणं’. स्टिरिओने आपलं काम चोख केलं होतं. जोरात दाबल्यावर बटण सुधारायचं तेही यामुळेच. दाब वाढला की मळ घासला जातो.

याच पद्धतीत आणखी एक फट आहे, ती म्हणजे अर्थ, म्हणजे वीज परत जायची वाट. स्वतःहून बटणं लांब बसवणारे पुष्कळ जण एक तार वाचवायला बटणाची दुसरी बाजू जवळच्या पत्र्याला, बॉडीला टेकवतात. पत्रा सगळीकडे सारखाच, असा त्यामागचा हिशेब. पण त्याच नटावर एसीच्या ब्लोअरचा १५ अँपिअरचा प्रवाह परत येत असेल आणि तो नट थोडा गंजलेला, समजा ०.०२ ओमचा असेल, तर ब्लोअर चालू होताच तिथे ०.३ व्होल्ट उभे राहतात. शेजारच्या बटणांमधलं अंतर पाऊण व्होल्टचं, त्यातले पाव व्होल्टच्या आसपास असे फुकट गेले. ब्लोअर लावला की बटणं चुकतात, असली विचित्र तक्रार इथून निघते. बटणाची अर्थ स्टिरिओपर्यंत वेगळ्या तारेने आणावी, एवढाच त्यावर इलाज.

फिरणाऱ्या चाकातून तारा बाहेर येतात कशा, तेही बघण्यासारखं आहे. स्टिअरिंगखाली एका चपट्या डबीत घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली पातळ पट्टी असते, तिला म्हणतातही क्लॉक स्प्रिंग. चाक एका बाजूला वळवलं की पट्टी आवळते, दुसऱ्या बाजूला वळवलं की सैल होते. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीनेक फेरेच फिरतं, म्हणून हे जमतं. डबी बसवताना मध्यावर ठेवली नाही तर पहिल्याच पूर्ण वळणात पट्टी तुटू शकते. एअरबॅगच्या ताराही याच पट्टीतून जातात. त्यामुळे स्टिअरिंग उघडण्याआधी बॅटरी सोडून गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावंच लागतं, आणि एअरबॅगच्या तारांना मल्टिमीटर कधीही लावायचा नाही.

नव्या गाड्यांत रोधाची भाषा मागे पडत चालली आहे. स्टिअरिंगमध्येच एक छोटी चिप बसते, बटण ओळखते आणि त्याचा क्रमांक एकाच तारेच्या लिन जाळ्यावरून पाठवते. हे जाळं हळू चालतं, सेकंदाला जास्तीत जास्त २०,००० बिट्स, पण बटणासाठी तेवढे चिक्कार झाले. पुढे तो निरोप बहुतेकदा ‘कॅन बस’ या गाडीतल्या दुसऱ्या जाळ्यावर चढतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली ही पद्धत दोन पिळलेल्या तारांमधला फरक वाचते, म्हणून बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढला तर वजाबाकीत उडून जातो. मळाने ३३० चे ५२० होण्याची भानगड इथे चिपच्या पुढे जात नाही. अडचण एवढीच, की बाहेरून आणलेल्या स्टिरिओला या गाडीची भाषा येत नाही. मग मध्ये दुभाषा डबी बसवतात. ती कॅनवरचा क्रमांक वाचते आणि कित्येकदा स्टिरिओच्या मागच्या हेडफोनसारख्या भोकात काय घालते, तर वेगवेगळे रोध! आकड्यांचं पुन्हा ओममध्ये भाषांतर.

ज्यांच्या स्टिरिओचं तोंड, म्हणजे बटणं आणि डिस्प्ले असलेली पुढची बाजू, काढता येतं, त्यांना एक वेगळा मोह होतो. तोंड काढून हाताशी बसवायचं, खोका सीटखाली ठेवायचा आणि मधली जोडणी चपट्या रिबन केबलने लांबवायची. वाटतं तितकं हे सोपं नाही. तोंड आणि खोका यांच्यातली बोली काही सेंटिमीटरपुरतीच असते, कानात कुजबुजल्यासारखी. समजा त्यावर सेकंदाला ४ लाख ठोके चालतात, म्हणजे एका ठोक्याला अडीच मायक्रोसेकंद. तारेला स्वतःची धारकता असते, मीटरला साधारण ५० ते १०० पिकोफॅरड. लांब रिकामी नळी भरल्याशिवाय पलीकडच्या टोकाला पाणी येत नाही, तसं या धारकतेत विद्युतभार भरल्याशिवाय पलीकडे व्होल्टेज चढत नाही. दोन मीटरला २०० पिकोफॅरड धरले आणि तारेचं व्होल्टेज वर खेचणारा रोध १० किलोओमचा असला, तर ते दोन तृतीयांश चढायलाच सुमारे दोन मायक्रोसेकंद जातात. ठोका संपत आला तरी तार अजून अर्धवटच. डिस्प्लेवर अक्षरांचा काला होतो, बटणं भलतीच उठतात. वर ही रिबन उत्तम अँटेना होऊन बसते. त्या ठोक्यांच्या पटी नेमक्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात, आणि स्टिरिओ स्वतःच्याच बटणांची बडबड रेडिओवर ऐकू लागतो. काही कंपन्यांनी तोंड लांब बसवायची सोय दिली आहे, पण तिथे केबल त्यांच्या मोजमापाची असते आणि दोन्ही टोकांना योग्य चिपा असतात. घरी तारा जोडून लांबवणं मी तरी करणार नाही.

बिनतारी उपाय आहेतच. इन्फ्रारेड रिमोट ३८ किलोहर्ट्झने लुकलुकतो, पण समोर अडथळा आला किंवा स्टिरिओवरच्या, संकेत टिपणाऱ्या डोळ्यावर थेट ऊन पडलं की चाचपडतो. ब्लूटूथची चकती स्टिअरिंगला पट्ट्याने बांधता येते. ती नाण्याएवढ्या सेलवर बरेच महिने चालते, मात्र सेल संपल्याचं नेमकं घाटात कळतं.

माझं बटण शेवटी मेकॅनिकने उघडलं. बॅटरी सोडली, थांबला, एअरबॅग उतरवून बाजूला उताणी ठेवली आणि बटणाच्या रबराखालची काळी गोळी मला दाखवली. तिच्यावर करड्या रंगाचा पातळ थर होता. कापसावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसलं. मीटर ३३२ वर येऊन थांबला. आता आवाज वाढव म्हटलं की आवाजच वाढतो. फक्त पहिले काही दिवस बायको विचारत होती, गाणी मध्येच बदलायची थांबली कशी.